मानेतली गाठ आणि नातीचं बाळंतपण

ह्यात मी गावाचं नाव घातलेलं नाही. मुखेडच्या बाजूचं एक गाव समजा. घरच्यांची नावंही बदलली आहेत, सुनेनं तसं बजावलं. माझं नाव घालायला माझी ना नव्हती, या वयात मला कोण काय करणार? पण नाव एकट्याचं नसतं, म्हणून राहू दिलं.

मी चौथी शिकलेला माणूस. जिंदगी गुरांमागं गेली. लाल कंधारी जातीचे वळू मी सांभाळले आणि लांबलांबच्या गावांतून लोक आपल्या गाई फळवायला माझ्या दावणीला आणायचे. लिहायचं म्हणलं की हात जड होतो. तरी लिहिलं.

मला एचआयव्ही कुठून लागला, ते ह्यात सापडणार नाही. ज्याला तेवढंच वाचायचंय त्यानं इथंच थांबावं. ज्याला गाठ निघालीय आणि जो दवाखान्याच्या बाकावर बसून घाबरून राहिलाय, त्याच्यासाठी हे आहे.

न्हाव्याचा हात

गाठ आधी न्हाव्याला सापडली. दाढी करताना त्याचा हात मानेवर थांबला.

"मामा, हे काय हाय?"

"जू वाहिलं जल्मभर. त्याची गाठ असंल," मी म्हणलो. तो हसला, मीही हसलो.

मग ती वाढली. बोराएवढी होती, ती लिंबाएवढी झाली. काखेत दुसरी आली. अंगात ताप राहायला लागला, पहाटे अंथरूण घामानं भिजायचं. वजन असं उतरलं की धोतर कमरेवर टिकेना. गावातल्या डॉक्टरनं टीबी म्हणून औषध सुरू केलं. गाठ काही ऐकेना. पोरगा मिलिंद एक दिवस मोटारसायकल घेऊन दारात उभा राहिला.

"आबा, बसा. नांदेडला जायचं."

"म्या कुटं जात नसतो."

"तुमी न्हाई आले तर म्याबी कामावर जात न्हाई. बसू दोघंबी घरी."

तो माझ्याच वळणाचा आहे. गेलो.

बंद दरवाजा

नांदेडच्या दवाखान्यात गाठीचा तुकडा काढला, रक्त घेतलं. निकालाच्या दिवशी एका बाईनं मला एका बारक्या खोलीत नेलं आणि दार आतून लावून घेतलं. चांगली गोष्ट सांगायला कोणी दार लावत नाही.

तिनं सांगितलं, रक्तात एचआयव्ही आहे. आणि गाठ कॅन्सरची आहे. एचआयव्हीनं अंगातली ताकद खाल्ली, म्हणून ही गाठ आली. एचआयव्हीची गोळी आता रोज घ्यायची, जन्मभर.

आतापर्यंत गावात माझ्यासमोर कोणी खाटेवर बसलं नव्हतं, असा माझा रुबाब. आता उद्या हेच लोक माझ्या हातचा चहा घेतील का, एवढंच डोक्यात फिरत होतं. मरणाचं भ्या तेव्हा नव्हतं, ते नंतर आलं.

बाहेर आलो तर मिलिंदला आधीच कळलेलं. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. मी म्हणलो, "गावात टीबी सांगायचं. तुझ्या आईला म्या सांगतो."

सांगितलं. आमच्या घरात गयाबाई कमी बोलते, पण बोलली की तो शब्द जागचा हलत नाही. ती तांदूळ निवडत होती. ऐकलं आणि निवडत राहिली. दुसऱ्या दिवशी मिलिंदबरोबर जाऊन तिनं स्वतःचं रक्त तपासून घेतलं. तिच्यात काही निघालं नाही. परत आली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"कुटून आणलं ते म्या इचारणार न्हाई."

मी उठायला लागलो, तशी ती पुढं म्हणली,

"पण गोळी चुकली, तर त्या दिशी इचारीन."

तेव्हापासून माझी एकही गोळी चुकलेली नाही.

लातूरचा वॉर्ड

कॅन्सरची औषधं लातूरला सुरू झाली. पलंगावर झोपायचं, हाताला सुई, वर सलाईन. एक औषध लालभडक, सरबतासारखं. ते नळीतून उतरताना दिसायचं, आणि मग दिवसभर लघवीही लाल. पहिल्या वेळी मला वाटलं, आतून सगळं रक्त वाहून चाललं. कोणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टरनं आपणहून सांगितलं की तो औषधाचाच रंग आहे. तोवर मी मनात स्वतःची माती करून मोकळा झालो होतो.

न विचारायची ही खोड मला लई महागात पडली. ते पुढं येईल.

उलट्या, तोंडात फोड, जिभेला पत्र्याची चव. केस गेले. मिशा गेल्या, त्याचं जास्त लागलं. गया बाहेरच्या गाड्यावरून गरम पाणी आणायची आणि मी चिडचिड करायचो. एकदा म्हणलो, "जा गावाला. म्या माझा मरतो." ती म्हणली, "मरायला येवढ्या लांब आणलं न्हाई तुमाला. गावात काय मरता येत नव्हतं?"

एक सिस्टर सुई लावताना माझ्या पलंगाच्या कडेला टेकून बसायची. माझा आजार तिला माहीत होता. तरी बसायची. तिचं ते बसणं मला औषधासारखं लागू पडलं.

शेजारच्या पलंगावर मौलाभाई होता, लातूरचाच, कापूस पिंजून गाद्या भरायचा. त्याला नुसता कॅन्सर होता. माझी एचआयव्हीच्या गोळ्यांची बाटली मी उशीखाली लपवायचो. एक दिवस ती खाली पडली आणि गडगडत त्याच्या चपलेपाशी गेली. त्यानं उचलली, पाहिली.

"मामा, मेरे से छुपाव नक्को," तो हळूच म्हणला. "मेरा साला बी येईच गोली खाता. कब से खाता. अब्बी उसके बेटे का निकाह हुआ. घोडे सरीका है."

बाटली परत दिली आणि स्वतःच्या कपातला अर्धा चहा माझ्या कपात ओतला.

डॉक्टर म्याडम काय बोलल्या

आमच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण म्याडम. माझ्या गाठीचा तुकडा त्यांनी एका मोठ्या शहरात खास तपासणीला पाठवला होता. तो निकाल आला तेव्हा त्या माझ्या पलंगापाशी आल्या. मिलिंद होता.

त्या म्हणल्या, "बाबा, शरीराच्या प्रत्येक पेशीत बारीक धागे असतात. आईबापाचे गुण लेकरात उतरतात ते ह्याच धाग्यांतून. एचआयव्हीनं तुमच्या अंगातले राखणदार कमी केले. त्यामुळं या गाठीतल्या पेशी बेताल वाढल्या. वाढता वाढता त्यांचे धागे तुटले. एक तुकडा तुटून भलत्याच जागी चिकटलाय."

"मग?" मिलिंद म्हणला.

"तिथली तूटफूट थांबत नाही. एक पेशी दुसरीसारखी राहत नाही. एका औषधाला काही मरतात, काही निसटतात. म्हणून आपण तीन-चार औषधं एकदम देतो. निसटायला जागा ठेवायची नाही."

त्या अजूनही बोलल्या. मला त्यापुढचं काही ऐकू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच बसलं, की आईबापाचं लेकरात जे उतरतं तेच माझ्यात तुटलंय.

तुम्ही गुरं पाळली नसतील तर ह्यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं वाटेल. माझं सगळं आयुष्य अवलाद पाहण्यात गेलं. वासरू पडलं की मी त्याचे खूर, कान, डोळ्याभोवतीचं काळं वळं पाहायचो आणि त्याचा बाप, बापाचा बाप सांगायचो. खोट कधी एका जनावरापाशी थांबत नाही, खाली उतरते, हे मी हातानं पाहिलेलं. ज्या वळूची दोन वासरं वाकडी निघाली त्याला मी खच्ची केलं, वळू दुसऱ्याचा असला आणि मालकानं पाय धरले तरी. वाण तिथंच बंद करायचा. हा माझा कायदा होता.

आता तोच कायदा माझ्यावर आला होता. मिलिंद माझा. त्याची लेक प्रज्ञा, माझी नात, अहमदपूरला दिलेली. तिला दिवस गेलेले, पहिलटकरीण. म्हणजे माझं तुटकं रक्त तिच्या पोटात वाढून राहिलं होतं.

तिला आणू नका

सातवा महिना लागला की पोरीला माहेरी आणायचं, ही आमच्याकडची रीत. पहिलं बाळंतपण माहेरी. सुनेनं लुगडं आणून ठेवलं होतं, दुपटी शिवली होती. दोन सलाईनींच्या मधे मी घरी आलो होतो. जेवताना मिलिंद म्हणला, "आबा, रविवारी प्रज्ञाला आणतो."

"आणू नको."

"म्हंजे?"

"तिचं तिकडंच होऊ दे."

सुनेच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. गया म्हणली, "याड लागलं का तुमाला?"

"म्या म्हणतो न्हाई म्हंजे न्हाई."

मिलिंदला वाटलं, माझा आजार तिच्या सासरच्यांना कळेल म्हणून मी भीत असेन. तो म्हणला, "आबा, कोणाला कळणार न्हाई." मी उठलो. काय सांगू त्याला? की बाबा, तुझ्या अंगात मी काय घातलंय ते मलाच ठाऊक नाही? की तुझी लेक काय जन्माला घालील ते मला डोळ्यानं पाहायचं नाही? वाकड्या वासरापाशी मी काय करायचो ते मला ठाऊक होतं. माणसाच्या लेकरापाशी काय करायचं ते ठाऊक नव्हतं.

मी विटाळाला भ्यालो असंही कोणी समजू नये. मला ते मूल डोळ्यासमोर दिसायचं. गोठ्यात बसलो की दिसायचं. हात कसेतरी, तोंड कसंतरी. माझी गाठ बोटांनी चाचपायचो आणि तिच्या पोटाचा विचार करायचो. कॅन्सरनं मरायचं भ्या त्यापुढं काहीच नव्हतं.

रविवार गेला. प्रज्ञाचा फोन आला, गयानं घेतला. पोरगी रडून राहिली होती. सासू म्हणली होती, "माहेरचं दार बंद झालं वाटतं." फोन ठेवून गयानं माझ्याकडं पाहिलं. जेवायला वाढलं, पण त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या सलाईनीला लातूरला गेलो तर मौलाभाई पिशवी भरून बसलेला. त्याची विरघळलेली गाठ परत आली होती. आता हैदराबादला नेणार होते.

"क्या करूँ मामा," तो म्हणला, "गाँठ को दवा की पहचान हो गई."

म्याडम म्हणल्या होत्या ते खरंच होतं. तूटफूट थांबत नाही. तो गेल्यावर त्याच्या पलंगावर नवी चादर आली. मी तिकडं पाठ करून झोपलो.

प्रज्ञा आली

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डाच्या दारात सिस्टरचा आवाज चढला. "ओ ताई, एवढं पोट घेऊन इथं आत येता येत नाही!"

"माझे आबा हायत आत. त्यांना बाहेर पाठवा मग."

मी सलाईनचा दांडा ढकलत व्हरांड्यात गेलो. प्रज्ञा उभी होती, एका हातानं कंबर धरून. अहमदपूरहून एसटीनं आली होती. माझं टक्कल, बिनमिशीचं तोंड पाहून तिचे डोळे भरले, पण ती रागात होती.

"आबा, माझं काय चुकलं?"

"काही न्हाई चुकलं."

"मग मला का न्हाई आणलं? सासू रोज टोमणे मारून राहिली. तुमाला टीबी हाय म्हणून मला सांगितलं. हा टीबीचा वॉर्ड हाय का?"

ही पोर माझ्या गोठ्यात वाढली. तिच्यापुढं खोटं सुचेना. दांडा धरून मी सगळं बोललो. एचआयव्ही बोललो, कॅन्सर बोललो, तुटलेले धागे बोललो. शेवटी म्हणलो, "तुझ्या पोटात जे हाय त्याच्यात माझी खोट उतरली असंल, पोरी. मला ते पाहवणार न्हाई."

तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले. आता मात्र ती घाबरली. तिचं तोंड पाहून मला वाटलं, माझी जीभ का झडून गेली नाही.

मग तिनं माझा मोकळा हात धरला आणि म्हणली, "चला. कोण डॉक्टर हाय ते दाखवा."

म्याडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणल्या, "बाबा, हे तुम्ही एवढे दिवस मनात ठेवलं?" माझा हात गाठीवर गेला. त्या म्हणल्या, "तूटफूट गाठीतल्या पेशींत झालीय, ती तिथंच आहे. काही कॅन्सर घराण्यात उतरतात, पण ते वेगळे. हा त्यातला नाही. आणि एचआयव्ही काही आजोबाकडून नातीत उतरत नसतो."

"माझी तपासणी झालीय," प्रज्ञा म्हणली. "गरवार बाईची करतातच. काही न्हाई निघालं."

मी मान हलवली. खरं सांगतो, विश्वास बसला नाही. मला वाटलं, पोटुशी बाई समोर आहे म्हणून म्याडम गोड बोलून राहिल्या.

प्रज्ञाला ते दिसलं. ती माझ्यासमोर स्टुलावर बसली.

"आबा, तांबूचं शिंग आठवतं का?"

आठवतं. तांबू माझी सगळ्यात गुणी गाय. म्हातारपणी तिचं एक शिंग कलंडलं, मुळातून घाण पाणी गळायला लागलं. गुरांच्या डॉक्टरनं शिंगाचा कॅन्सर सांगितला आणि शिंग कापलं. तेव्हा ही पोर दिवसभर जेवली नव्हती.

"राजा वळू कोणाच्या पोटचा?"

"तांबूच्या."

"मग तिला कॅन्सर निघाला तवा राजाला खच्ची का न्हाई केलं?"

"तो तिच्या शिंगाच्या लई आधी जल्मला व्हता," मी म्हणलो. "त्याचा काय संबंध?"

"मग माझा बाप तुमच्या गाठीच्या नंतर जल्मला का?"

म्याडम खिडकीकडं तोंड करून हसू दाबून राहिल्या. जे मी एका गाईच्या बाबतीत क्षणात सांगितलं असतं, ते माझ्या स्वतःच्या घराच्या बाबतीत मला दिसलं नव्हतं. भ्यानं माणूस आंधळा होतो म्हणतात, मी तर शहाणपणा मिरवत आंधळा झालो होतो.

"मिलिंदला फोन लाव," मी म्हणलो. "म्हणावं इथूनच घेऊन जा तिला."

"लुगडं?" प्रज्ञा म्हणली. "तसंच न्हाई यायची मी. रीतीनं न्यायचं. सासूच्या समोरून."

माझीच अवलाद.

ज्यांना गाठ निघालीय त्यांना

मिलिंद आणि सून रीतीनं अहमदपूरला गेले आणि तिला घेऊन आले. मी घरी असलो की ती दारात बसून दुपट्यांना टाके घालायची. माझी भीती गेली असं लिहिलं तर ते खोटं होईल. म्याडमचं ऐकलं, तांबूचं पटलं, तरी पोरगी पायऱ्या उतरताना थांबली, पोटाला हात लावला, की माझं काळीज हलायचं. डोक्याला पटलेलं पोटापर्यंत पोचायला वेळ लागतो.

माझ्या स्वतःच्या गाठीचंही तसंच. हातानं आता लागत नाही. पण मौलाभाईचीही लागत नव्हती. म्याडम म्हणतात, तपासत राहू. मी आता विचारतो. लघवीचा रंग बदलला, विचारतो. काखेत दुखलं, विचारतो. मूर्ख दिसलो तरी विचारतो. तुम्हीही विचारा. घरात चार पोरं शिकलेली असली तरी तुमच्या मनात काय शिरलंय ते तुम्ही बोलल्याशिवाय कोणाला कळत नाही. मी बोललो असतो तर त्या पोरीला आठव्या महिन्यात एसटीचे धक्के खावे लागले नसते.

फोन

शेवटच्या सलाईनीला गया आली नाही. प्रज्ञाचे दिवस भरले होते, म्हणून ती गावी थांबली आणि मिलिंद माझ्याबरोबर आला. लाल औषध चालू होतं. मिलिंदचा फोन वाजला. त्यानं नुसतं "हां, हां" केलं आणि फोन माझ्या कानाला लावला.

पलीकडं गया होती. "पोरगी झाली. मुखेडच्या दवाखान्यात. दोघीबी बऱ्या हायत."

"हातपाय?"

"हायत."

"समदं नीट पाहिलं का? बोटं? तोंड?"

"अवो, डॉक्टरनं पाहिलं, सिस्टरनं पाहिलं, म्या पाहिलं. आता तुमीच आईका."

खुडबुड झाली. मग रडणं आलं. बारीक नव्हतं, चांगलं दमदार, सगळं घर डोक्यावर घेणारं. मी "हॅलो" म्हणलो. एवढ्याशा लेकराला काय हॅलो कळतंय. तरी म्हणलो, दोनदा म्हणलो.

मिलिंद खिडकीशी जाऊन उभा राहिला, पाठमोरा. त्याचे खांदे हलत होते.

गया परत फोनवर आली. "सुई हाय का हाताला?"

"हाय."

"मग हात हलवू नका. सगळं औषध जाऊ द्या आत."

मी उजवा हात तसाच पलंगावर ठेवला आणि डाव्यानं डोळे पुसले.